नोकरी सोडून स्वतःचं कन्स्ट्रक्शन सुरू करायचंय, पण पहिलंच काम तीन मजल्यांचं घेऊ का?

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"काका, मी अकरा वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर आहे. फुटिंगपासून रंगापर्यंत सगळं मीच बघतो, मालक आठवड्यातून दोनदा चक्कर मारतात. आता ओळखीतल्या एकांनी त्यांच्या तीन मजली बिल्डिंगचं काम थेट मला देऊ केलंय, मटेरियलसकट. थोडे पैसे साठवलेत, मेव्हणा पण घालायला तयार आहे, त्यातून मिक्सर आणि एक सेकंडहँड पिकअप घ्यायचा विचार आहे. मालकांकडचे दोन मिस्त्री माझ्याबरोबर यायला तयार आहेत. बायको म्हणते नोकरी सोडू नको. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊ का?"

मित्रा, पत्रासोबत तू त्या बिल्डिंगची माहिती पण पाठवलीस, किती कॉलम, स्लॅब किती जाडीचा, टाइल कुठली, सगळं व्यवस्थित आहे, त्यावरून कळतं की तुला काम येतं. पण पैसे कोण, कधी आणि किती देणार याबद्दल त्यात एक ओळ नाहीये. म्हणून मी तिथूनच सुरू करतो, कारण मी स्वतः सव्वीस वर्षं हा धंदा केला आणि माझ्या बरोबरीने सुरू केलेल्यांपैकी जे बंद पडले त्यातला एकही काम येत नव्हतं म्हणून बंद पडला नाही. सगळे हातात काम असताना बंद पडले, साइट चालू, माणसं उभी, आणि शनिवारी पगार वाटायला पैसे नाहीत.

कसं होतं बघ. समज या साइटवर तुझा महिन्याला १०० खर्च होतोय, पुढे किती शून्यं लावायची ते तू लाव. महिनाभर काम करून तू बिल लावलंस. बिल्डिंगच्या मालकाचा इंजिनियर मोजमापाला यायला आठवडा जातो, बिल पास होऊन पैसे जमा व्हायला अजून ३० दिवस, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत ६७ दिवस झाले, आणि काम काही थांबलेलं नाहीये, तेव्हा तोपर्यंत तुझे २२० च्या वर गेलेले असतात. मटेरियलवाला महिनाभर उधार देईलही, पण नवीन माणसाला पहिल्या गाडीला कोणी उधार देत नाही, आणि मजुराला तर आठवड्याच्या आठवड्याला द्यावेच लागतात, द्यायलाच पाहिजेत, त्याचं घर त्याच्यावर चालतं.

आता येतात ते किती बघ. १०० खर्च, त्यावर १० नफा धरून तू ११० चं बिल लावलंस. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के रिटेन्शन कापून ठेवतात, काम पूर्ण झाल्यावर आणि दुरुस्तीची मुदत संपल्यावर परत मिळतं. १० टक्के कापले तर ११ गेले, तुझ्या हातात ९९. म्हणजे खर्चापेक्षा एक कमी. तुझा सगळाच्या सगळा नफा त्या बिल्डिंगच्या मालकाकडे पडून आहे आणि तो एक-दीड वर्षाने मिळणार, आणि कुठे भेग पडली, कुठे ओल आली तर त्यातून वजा होऊन मिळणार. हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. अकरा वर्षं साइटवर काढूनही दिसत नाही, कारण सुपरवायझरच्या समोर बिलं येतात आणि बँकेचं पासबुक येत नाही.

मग माणूस काय करतो, पैसे अडकले की दुसरं काम घेतो, त्याचा अ‍ॅडव्हान्स आला की त्यातून पहिल्या साइटचा स्लॅब टाकतो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. पहिल्यांदा जमतं म्हणून दुसऱ्यांदा करतो आणि मग ती सवयच होते, तीन साइट झाल्या की कुठल्या साइटचे पैसे कुठे गेले हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. हे लहान माणसाचंच होतं असं समजू नकोस. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकामातली केवढी मोठी कंपनी, हॉस्पिटलं, रस्ते, रेल्वे, जगभरात मिळून सुमारे ४३,००० माणसं कामाला, ती २०१८ च्या जानेवारीत बुडाली तेव्हा देणी जवळजवळ ७ अब्ज पौंडांची होती आणि शिल्लक होते फक्त २ कोटी ९० लाख पौंड. कामं भरपूर होती. पण कमी रेटने घेतलेली, आणि सबकॉन्ट्रॅक्टरांना १२० दिवसांनी पैसे द्यायची पद्धत, त्यामुळे कंपनी बुडाली तेव्हा सगळ्यात जास्त हाल झाले ते तिच्या खाली काम करणाऱ्या लहान लहान लोकांचे. त्या लहान लोकांच्या जागी उद्या तू असणारेस, म्हणून सांगतोय.

तेव्हा माझा नियम एकच आहे आणि मी तो मनापासून मानतो, एक अख्खा हप्ता अडकला तरी जे काम तू पुढचे दोन महिने चालू ठेवू शकशील तेवढंच काम घ्यायचं. तुझी जी रक्कम आहे म्हणतोस त्यात मटेरियलसकट तीन मजले या नियमात बसत नाहीत. मेव्हण्याचे धरूनही बसत नाहीत.

पण म्हणून ते काम सोडून दे असं मी म्हणत नाहीये. त्या गृहस्थांना जाऊन सरळ सांग की मी लेबर कॉन्ट्रॅक्टवर घेतो, सिमेंट, स्टील, खडी, वाळू तुम्ही थेट दुकानदाराला पैसे देऊन घ्या, किती आणि कधी लागणार ते मी आठ दिवस आधी लिहून देतो. नफा कमी होईल, मान्य आहे, पण मटेरियलचा सगळा भार त्यांच्यावर गेला आणि तुला फक्त मजुरी सांभाळायचीये. बरेच मालक याला खुशीने तयार होतात, कारण मटेरियलमध्ये कोणी चोरी करतंय ही धास्ती जाते. एक मात्र लिहून घ्यायचं, मटेरियल वेळेवर आलं नाही आणि माणसं बसून राहिली तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार. हे नाही लिहिलं तर सिमेंट संपलेलं असेल त्या प्रत्येक दिवशी आठ-दहा माणसांची हजेरी तुझ्या खिशातून जाणार. किंवा दुसरा रस्ता, फक्त प्लिंथपर्यंतचं, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम घे, ते संपवून पूर्ण हिशोब करून मग पुढच्या टप्प्याचं वेगळं अ‍ॅग्रिमेंट कर. त्यात तुझी पण परीक्षा होते आणि पैसे देण्यात ते कसे आहेत हे पण तुला प्लिंथवरच कळतं, तिसऱ्या मजल्यावर कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

अ‍ॅडव्हान्स मिळाला तर घे, पण लक्षात ठेव तो तुझा नाही, तो पुढच्या प्रत्येक बिलातून थोडा थोडा कापला जाणारे. अ‍ॅडव्हान्समधून पिकअप घेतली की पाचव्या बिलापर्यंत श्वास घ्यायला जागा राहत नाही.

आता रेटचं. तू लिहिलंयस की मालकांच्या रेटपेक्षा पाच टक्के कमी लावला तरी मला परवडेल. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. तुझ्या मालकांचा रेट हा त्यांच्या खरेदीचा रेट आहे रे, ते वर्षाला किती गाड्या सिमेंट उचलतात, त्यांना दुकानदार जो भाव देतो तो तुला पहिल्या दिवशी मिळणार नाही. शिवाय त्यांच्याकडे मागच्या तीन साइटच्या सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून आधार द्यायच्या, प्लेटा आणि टेकू पडलेले आहेत, त्यांचे पैसे कधीच वसूल झालेत, तुला ते भाड्याने आणावे लागणार. त्यामुळे त्यांचा रेट उचलून त्यातून पाच कमी करणं म्हणजे पहिल्या दिवसापासून तोटा.

आणि नफ्याच्या टक्क्यात एक गफलत जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो, मी पण पहिली चार वर्षं केली. खर्च १००, त्यावर २० टक्के चढवले, १२० चं कोटेशन दिलं, आणि वाटतं की आपल्याला २० टक्के सुटतात. नाही सुटत, १२० मधले २० म्हणजे १६.७ टक्केच. खरंच २० टक्के सुटायला हवे असतील तर खर्चावर २५ चढवावे लागतात. आता बिल्डिंगचा मालक शेवटी म्हणणार की दहा टक्के सोडा, ते सोडतात बिलावर, १२० मधले १२ गेले, राहिले ८. त्या ८ मधून तुझं पेट्रोल, फोन, अकाउंटंट, इन्शुरन्स आणि तुझा स्वतःचा पगार. तुझा पगार खर्चात धरलाच नव्हता ना तू? तू पाठवलेल्या एस्टिमेटमध्ये कुठे दिसला नाही म्हणून विचारतोय. आज सुपरवायझर म्हणून जे मिळतं तेवढं आधी खर्चात लिही आणि त्याच्यावर नफा लाव, नाहीतर दोन वर्षांनी हिशोब केल्यावर कळेल की नोकरीत जास्त मिळत होते आणि झोप पण लागत होती.

म्हणून राजीनामा पुढच्या महिन्यात नको. अजून चार-पाच महिने आहेस तिथे राहा आणि एक वही कर. एक मिस्त्री आणि दोन बिगारी एका दिवसात किती चौरस मीटर वीटकाम करतात, पहिल्या मजल्यावर किती आणि तिसऱ्यावर किती, कारण वर माल चढवण्यात वेळ जातो, प्लास्टर किती, आतलं किती बाहेरचं किती, परांची बांधण्यात किती हजेऱ्या गेल्या, पावसाने किती दिवस बुडाले, टाइलची तूट किती झाली. हे आकडे तुझ्या डोळ्यासमोर रोज घडतायत आणि फुकट आहेत. तू स्वतः मोजलेले, तुझ्या ओळखीच्या हातांचे आकडे. कुठल्याही तयार रेटबुकपेक्षा मी त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवीन.

स्टीलचं एक उदाहरण देतो, म्हणजे मोजणं म्हणजे काय ते कळेल. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, १६२ ने भाग, एका मीटरचं वजन किलोमध्ये येतं. १२ मिमीला १४४ भागिले १६२ म्हणजे ०.८८८ किलो. १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलो, १०० सळया १,०६६ किलोच्या आसपास. हे तुला माहितीच असेल. पण गाडी रिकामी करताना सळया मोजतो कोण? माझ्या साइटवर एकदा मालासोबतच्या चलनावर १,१५० किलो लिहून आलं होतं, मी सहज मोजल्या तर सळया बरोबर १०० निघाल्या. सळई बनवताना रोलिंगमध्ये दोन-चार टक्के इकडेतिकडे होतं, पण हा फरक आठ टक्क्यांचा होता. ड्रायव्हरला थांबवून काट्यावर गाडी परत नेली, तेव्हा कुठे बिल दुरुस्त होऊन आलं. त्या दिवशी मी बँकेत गेलो असतो तर सही झाली असती आणि न आलेल्या ८४ किलोंचे पैसे तिथेच गेले असते.

यावरून मुद्द्याचं बोलतो, पत्र वाचताना सगळ्यात जास्त विचार मी याचाच केला. तुझे मालक आठवड्यातून दोनदाच येतात असं तू लिहिलंस, थोडं नाराजीने लिहिलंस असं वाटलं. पण ते दोनदाच येऊ शकतात कारण त्यांच्याकडे तू आहेस. तू स्वतःचं सुरू केलंस की तुझ्याकडे कोण आहे? बिल पास करायला बिल्डिंगच्या मालकाच्या ऑफिसात तू बसणार, दुकानदाराकडे तू जाणार, परमिशनच्या टेबलाला तू उभा राहणार, आणि त्या वेळी साइटवर मिक्सर चालू असणार.

मिक्सरपाशी काय होतं ते मी बघितलंय. स्लॅबचा दिवस होता, सकाळपासून माल बरोबर चालला होता, सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी, म्हणजे सिमेंटला पाण्याचं ०.५ चं प्रमाण. मला एक फोन आला, मी खाली उतरून पाच-सात मिनिटं बोललो. वर आलो तर घमेल्यातला माल पातळ दिसला, पाटी खाली ठेवल्या ठेवल्या पसरत होता आणि कडेने दुधासारखं पाणी सुटत होतं. मिक्सरवरच्या पोराने पाच लिटरचा एक डबा जास्त टाकायला सुरुवात केली होती, उन्हात माल घट्ट होतोय, पसरायला जड जातंय म्हणून वरच्या माणसांनीच त्याला ओरडून सांगितलं होतं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण २५ चे ३० झाले म्हणजे प्रमाण ०.५ वरून ०.६ वर गेलं, आणि पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद उतरते हे डफ एब्रम्स या संशोधकाने शिकागोत प्रयोग करून १९१८ मध्येच मांडलेलं आहे, त्यात आजही काही फरक पडलेला नाही. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी वेगळंच. मी तेवढ्या चार-पाच बॅच काढून टाकायला लावल्या, सगळे वैतागले, संध्याकाळ झाली संपवायला. पण ७ दिवसांनी त्याच मालाचा क्यूब, म्हणजे नमुन्याचा ठोकळा, फोडल्यावर जो आकडा येतो तो २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, आणि तो कमी आला तर काय करणार होतो मी, स्लॅब तर केव्हाच टाकून झालेला असतो.

तर तुझ्याकडे तुझ्यासारखा एक माणूस आधी हवा. मिस्त्री चांगला असणं वेगळं, आणि तू नसताना मिक्सर बंद करायची हिंमत असणारा माणूस वेगळा. त्याचा पगार पहिल्या एस्टिमेटपासून धर. तो मिळत नसेल तर एका वेळी एकच साइट, आणि स्लॅबच्या दिवशी फोन बंद.

त्या दोन मिस्त्रींबद्दल. तुझ्या मालकांना न सांगता त्यांना घेऊन जाऊ नकोस. मला माहितीये सगळे हेच करतात, पण मला ते पटत नाही आणि तुझ्या फायद्याचं पण नाही. त्यांची साइट अर्धी असताना तीन कामाची माणसं एका दिवसात गेली तर त्यांचं जे नुकसान होईल ते ते आयुष्यभर लक्षात ठेवतील, आणि या धंद्यात प्रत्येक मटेरियलवाला, प्रत्येक इंजिनियर पहिला फोन करतो तो तुझ्या जुन्या मालकांना, की माणूस कसा आहे. समोर बसून सांग की मला स्वतःचं करायचंय, चालू बिल्डिंग मी पूर्ण करून देतो, माझ्या जागी एकाला तयार करून जातो. रागावतील दोन दिवस. पण मी बघितलंय, बऱ्याचदा असाच जुना मालक पहिलं काम देतो, प्लास्टर सबकॉन्ट्रॅक्टवर घे म्हणतो, टाइल्स घे म्हणतो, कारण तुझ्या हातावर त्यांचा भरवसा आहेच. आणि अशा कामात मटेरियल त्यांचं, तुला रोकड कमी लागते. तुझी सुरुवात अशी झाली तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

मिक्सर आणि पिकअप आत्ता घेऊ नकोस. मिक्सर भाड्याने मिळतो, व्हायब्रेटर भाड्याने मिळतो, स्लॅब काही रोज नसतो. भाड्याचा मिक्सर बिघडला की तो बदलून द्यायची जबाबदारी त्याची, तुझा स्वतःचा बिघडला की दुरुस्ती पण तुझी आणि बसलेली माणसं पण तुझी. वर्षभराची भाड्याची बिलं समोर ठेव, मशीनच्या किमतीच्या जवळ आली तर विचार कर. पहिल्या दिवसापासून स्वतःचं असावं असं म्हणशील तर ओळंबा, गुण्या, लेव्हल, चांगले टेप, क्यूबचे साचे, आणि हेल्मेट व सेफ्टी बेल्ट, पुरेसे, प्रत्येकाला.

बेल्टवरून सांगतो, बांधकामावर माणसं मरतात ती सगळ्यात जास्त उंचीवरून पडून, आणि पुष्कळदा फार उंचावरून पण नाही, परांचीची एक फळी हलली, पाइप न्यायच्या डक्टची जागा उघडी राहिली. दुसरं म्हणजे खड्डा. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, ओली असेल तर अजून, ती कोसळली की खालच्या माणसाला छातीपर्यंत पुरला तरी श्वास घेता येत नाही. दीड मीटरच्या खाली खोदकाम गेलं की बाजूला आधार किंवा उतार दिल्याशिवाय कोणाला आत उतरवू नकोस, घाई कितीही असू दे. मजुरांचा इन्शुरन्स काढल्याशिवाय एकही फावडं मारायचं नाही. आजपर्यंत मालकांची जबाबदारी होती म्हणून तू रात्री झोपत होतास, आता ती तुझी आहे, आणि त्या माणसांच्या घरच्यांना तोंड तुला द्यायचंय.

लिखापढीचं सांगतो, आणि हे माझ्या अंगावर आलेलं आहे. माझ्या तिसऱ्या की चौथ्या कामात घरमालक रोज संध्याकाळी साइटवर यायचे, फार गोड माणूस, म्हणायचे ही भिंत जरा फूटभर सरकवू, इथे एक कोनाडा करू, जिन्याखाली छोटी खोली काढू, होईल ना? मी म्हणायचो होईल. भिंत पाडली, परत बांधली, वायरिंगचा पाइप परत फिरवला. शेवटी मी एक्स्ट्रा कामाचं बिल दिलं तेव्हा ते म्हणाले हे सगळं ठरलेल्या रकमेतच होतं ना, मला तर तुम्ही कधी बोलला नाहीत जादा पैसे लागतील म्हणून. आणि खरंच मी बोललो नव्हतो. सहा महिन्यांची माझी कमाई त्या भिंतींमध्ये गेली. तेव्हापासून माझ्याकडे डुप्लिकेट पानांची एक वही असते, बदल काय, किंमत किती, दिवस किती वाढणार, खाली दोघांच्या सह्या, आणि सही झाल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. आता तर मोबाइलवर मेसेज टाकून "हो, करा" एवढं उत्तर घेतलंस तरी काहीतरी हातात राहतं, पण सही ती सही.

मुख्य अ‍ॅग्रिमेंटमध्ये ड्रॉइंगचे नंबर आणि तारखा लिही, नुसतं "ड्रॉइंगप्रमाणे" नको, कारण ड्रॉइंग तीनदा बदलतं. हप्ते कामाच्या टप्प्याला बांध, प्लिंथ झाला की इतके, स्लॅब झाला की इतके, आणि टप्पे लहान ठेव, म्हणजे अडकले तरी थोडे अडकतात. पैसे ठरल्या तारखेच्या इतके दिवस पुढे गेले तर काम थांबवायचा हक्क मला, हे वाक्य लिहायला लाजू नकोस. पाणी आणि वीज कोणाची ते लिही. दुरुस्तीची मुदत किती महिने आणि त्यात काय काय येतं ते लिही. बांधणाऱ्याची ही जबाबदारी काही आजची नाहीये, जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात पण आहे की नवीन घराची भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यायची. म्हणजे ती टळणार नाही, तेव्हा तिचे पैसे आधीच रेटमध्ये धर. लायसन्स, रजिस्ट्रेशन, टॅक्स याचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, ते एका चांगल्या अकाउंटंटकडे एक तास बसून समजून घे, आणि धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं, घरचा किराणा त्यातून नाही.

मेव्हण्याचे पैसे उसने आहेत का भागीदारी? तुझ्या पत्रात दोन्ही शब्द आलेत. उसने असतील तर परत कधी ते लिहा, भागीदारी असेल तर तोटा झाला तर त्याचा किती हे आधी लिहा. नात्यात कसलं लिहायचं असं दोघांनाही वाटेल, पण नातं टिकवायचं असेल तर याच वेळी लिहायचं, आज जेव्हा दोघं हसत बोलताय.

आणि बायकोचं म्हणणं मला तू लिहिलंस तितकं सोपं वाटत नाही. ती नोकरी सोडू नको म्हणते त्याच्या मागे एक प्रश्न आहे, घर कशावर चालणार. त्याचं उत्तर तिला आकड्यात दे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, तिच्या नावावर, साइटवर आग लागली तरी त्याला हात लावायचा नाही. तो बाजूला काढल्यावर जे उरेल ते तुझं भांडवल, आणि आपण मघाशी जो नियम बोललो तो त्या उरलेल्या रकमेला लावायचा. मला वाटतं हा हिशोब तिच्यासमोर बसून केलास तर ती तुझ्यापेक्षा लवकर हो म्हणेल किंवा तुझ्यापेक्षा लवकर चूक दाखवेल, दोन्ही तुझ्या कामाचं आहे.

त्या गृहस्थांना भेटायला जायच्या आधी एक कर. एका मोठ्या कागदावर आडवे आठवडे आख, चोवीस तरी. वरच्या ओळीत त्या त्या आठवड्यात किती जाणार, मजुरी, मटेरियल, भाडं, तुझा पगार. खालच्या ओळीत किती येणार, आणि बिल लावलं त्या आठवड्यात लिहायचं नाही, पैसे खरंच येतील त्या आठवड्यात लिहायचं. सगळ्यात खाली शिल्लक. मग दुसरा हप्ता खोडून चार आठवडे पुढे ढकल आणि शिल्लक परत काढ. कुठल्या आठवड्यात आकडा शून्याखाली जातो त्याला लाल गोल कर. एकदा लेबर कॉन्ट्रॅक्ट धरून कर, एकदा मटेरियलसकट. दोन्ही कागदांचे फोटो मला पाठव, वहीत वीटकामाचे जे आकडे जमले असतील ते पण, मी रेट बघून देतो.